डावीकडे सरकलेली माशी

"ही बंदूक तुमच्या यजमानांची नाही," परीक्षक मला म्हणाले आणि हातातले भिंग टेबलावर ठेवून त्यांनी माझ्या जावयाकडे पाहिले.

मीही तिकडेच पाहत होते.

माझे यजमान सैन्यात नेमबाजीचे शिक्षक होते. चांदमारीच्या मैदानावर त्यांच्या हाताखालून किती शिपाई गेले असतील, याची गणती नाही. निवृत्तीच्या वेळी त्यांची जुनी बंदूक निकामी करून त्यांना मानाने देण्यात आली. ते गेल्यानंतर ती माझ्या खोलीच्या कोपऱ्यात गवसणीत उभी असे. आता संग्रहालयाने ती मागितली होती, आणि पारख करायला हे गृहस्थ घरी आले होते.

"नाही म्हणजे काय?" मी विचारले.

"आजी, हे बघा..."

"मी तुमची आजी नव्हे. बाई म्हणा, आणि नीट सांगा."

ते जरा सरसावून बसले. नळीच्या टोकाशी जी बारीक उभी पट्टी असते तिला माशी म्हणतात. मागे, डोळ्याजवळ, एक खाच असते. खाचेतून माशी पाहायची आणि माशीपलीकडे निशाण. ही दोन्ही नळीच्या अगदी मध्यावर असायला हवीत. या बंदुकीवर मात्र दोन्ही मूळ जागेवरून काढून नळीच्या डाव्या अंगाला डाख देऊन बसवली होती.

"अशी बंदूक कुठल्याच पलटणीत मिळत नाही," परीक्षक म्हणाले. "कुणीतरी भलत्याच बंदुकीवर हात साफ केलाय. आणि नंबर तर पार घासून टाकलाय."

"घासलाय," मी म्हटले. "जावईबापू, ऐकलंत ना?"

गेल्या वर्षी गंज काढून आणतो म्हणून बंदूक घराबाहेर नेणारे हेच. परत आणली तेव्हा ती आरशासारखी लखलखत होती आणि यांची छाती फुगली होती.

"आई, मी ती भांड्यांना चकाकी देणाऱ्याकडे दिली होती," जावई म्हणाला. "त्यानं सगळीकडून घासली. नंबरही गेला. मला तेव्हा कळलंच नाही, आणि नंतर सांगायचं धाडस झालं नाही."

"बंदूक भांडेवाल्याकडे! डोकंही तिथंच ठेवून आलात काय?"

"आई, पुरे!" माझी मुलगी दारातून आत आली. "ह्यांनी बंदूक बदलली असं वाटतंय ना तुला? मग तसं सरळ म्हण. पण एकदा म्हणालीस की या घरात पुन्हा आम्ही दोघंही पाऊल ठेवणार नाही."

म्हणायचे तर माझ्या ओठांवर होते. जुन्या बंदुकांचे शौकीन असतात, चोरबाजार असतात, हे काही मला कुणी शिकवायला नको. अडचण एवढीच, की मूळ बंदूक कशी होती हे मला छातीठोकपणे सांगता येत नव्हते. गवसणीला कुणी हात लावायचा नाही हा माझ्या यजमानांचा दंडक होता, आणि मी तो ते गेल्यावरही पाळला; जावयाने नेली तीही न उघडता, गवसणीसकट. नेमबाजीच्या शिक्षकाला स्वतःच्याच घरात एवढे काय झाकायचे असते, असे मनात येई. पण विचारायची रीत नव्हती.

"ते भिंग द्या इकडे," मी परीक्षकांना म्हटले.

माशी लोखंडाची होती. खाच मात्र पितळेच्या ठोकून सपाट केलेल्या तुकड्यात कोरली होती. तुकड्याच्या मागच्या बाजूला काही उठाव राहिला होता. मी बंदूक उजेडाकडे वळवली. एका पक्ष्याचा अर्धा पंख होता तो.

"ट्रंकेतला ह्यांचा कोट आण," मी मुलीला सांगितले.

"कशाला?"

"आण म्हटलं की आणायचा."

कोट आला. पंख पसरलेल्या पक्ष्याची पितळी बटणे ओळीने होती. वरून दुसरे तेवढे साधे, काळे. ते माझ्या हातचे. कोटाचे बटण गेले कुठे, म्हणून मी तेव्हा ह्यांना फैलावर घेतले होते. "पडलं मैदानात," एवढेच म्हणून ते जेवत राहिले. वर पाहिलेसुद्धा नाही.

परीक्षकांनी कोटाचे बटण आणि खाचेचा तुकडा शेजारी शेजारी धरले. पिसे जुळली.

"बंदूक त्यांचीच आहे," ते हळूच म्हणाले. "आणि खाचही त्यांनीच बसवलीय. ते डावखुरे होते का?"

"मुळीच नाही."

ते उठले, बंदूक उजव्या खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि मान थोडी पुढे कलवली. त्यांचा डावा डोळा आपसूक त्या खाचेमागे आला.

"बाई, त्यांचा उजवा डोळा कसा होता?"

"डोळ्यासारखा डोळा," मी फटकन म्हटले.

आणि मग एकेक आठवू लागले. उजव्या हाताला भिंत येईल अशीच खुर्ची मांडून ते बसत. वार्षिक डॉक्टरी तपासणीच्या आधी कसली तरी अक्षरे पुटपुटत; मी गेले की थांबत. जेवायला पाटावर बसले असता मी वाढायला उजवीकडून गेले की मान वळवत नसत. त्या संध्याकाळी, बटणाचा जाब विचारताना, मी उजवीकडेच उभी होते. ही शिक्षकी मिजास आहे, असे मी धरून चालले. पुढे पुढे ताट ठेवून मीही मुकाट्याने आत जाऊ लागले.

"डाव्या खांद्यावर घेतली असती तर उजवा डोळा गेलाय हे सगळ्या मैदानाला कळलं असतं," परीक्षक म्हणत होते. "नोकरी गेली असती. पण हा नेम अचूक आहे हो. बदल कशासाठी केला, ते पाटीवर लिहायचं का?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. भिंतीकडची ती खुर्ची ते गेल्यापासून रिकामी होती.

"जावईबापू," मी म्हटले, "ती खुर्ची इकडे ओढा आणि बसा. मघापासून उभे आहात."

तो घुटमळला. मुलीने त्याच्या पाठीला हलकेच हात लावला, तेव्हा बसला.

"पाटीवर शिक्षक एवढंच लिहा," मी परीक्षकांना सांगितले. "डोळ्याचं त्यांनी मला सांगितलं नाही, तर लोकांना कशाला? फक्त दालनात ठेवताना एवढं बघा, की माणसं तिच्याकडे डाव्या बाजूनं येतील."

बंदूक मी स्वतः गवसणीत घातली आणि नाडी बांधली.