थंड चुलीचा शेरा

जवळ सरका मंडळी, सतरंजीवर पुष्कळ जागा आहे. एका सरकारी कागदाची गोष्ट सांगतो. कागदात कसली गोष्ट, म्हणाल. पण या कागदात एक देवी आहे, एक बाई आहे आणि एक साहेब.

"वाचा," श्यामकांत साहेब म्हणाले आणि त्यांनी फाईल गोविंदजींकडे सरकवली.

एकसष्ट सालचा जून. जयपूरच्या नगररचना कचेरीत अनुसयाबाई टेबलासमोर उभ्या होत्या. खुर्ची दाखवूनही बसल्या नव्हत्या. सीकर रस्त्याकडे कारखान्यांसाठी राखलेल्या जमिनीत त्यांच्या नवऱ्याला लेथ मशीनसाठी तुकडा मिळाला होता. नवरा गेला, मशीन विकलं गेलं आणि त्याच पत्र्याच्या शेडमध्ये बाईंनी आसपासच्या कामगारांसाठी खानावळ घातली. कारखान्याच्या जमिनीवर असा दुसरा धंदा करायचा तर परवानगी लागे, आणि ती कामगारांची गरज दिसली तरच मिळे. एप्रिलमध्ये श्यामकांतांनी अर्ज नाकारला होता. फेरविचाराचा अर्ज नियमाप्रमाणे त्यांच्याचकडे आला होता. तोही फेटाळला गेला तर महिनाअखेर शेडला कुलूप लागणार होतं.

गोविंदजी हे जयपुरातच जन्मलेले हेडक्लार्क. त्यांनी तपासणीचा शेरा वाचला.

"दहा मार्च, शुक्रवार, दुपारी साडेबारा. जागेवर कोणी नाही. चुलीला हात लावून पाहिला, थंड. भांडी घासून पालथी घातलेली. एकही जेवणारा नाही. सबब गरज दिसत नाही."

खाली श्यामकांतांची सही होती.

अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या.

"हसायला काय झालं, बाई?"

"दहा मार्च म्हणजे होळीनंतरची अष्टमी ना, साहेब? त्या दिवशी अख्ख्या जयपुरात कुणाची चूल गरम सापडली असती तुम्हांला? बासोडा होता. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, शीतलामातेला थंड नैवेद्य दाखवायचा आणि तेच शिळं खायचं. माझी चाळीसच्या चाळीस माणसं चाकसूच्या जत्रेला गेली होती. त्यांच्याच ट्रकात बसून मी पण गेले."

"शीतला सप्तमी श्रावणात असते."

"ती आपल्याकडं. तुमच्या भिंतीवर पुण्याचं पंचांग असंल. ही देवी जयपूरची, तिनं कुठं ते वाचलंय?"

श्यामकांतांनी चष्मा काढून पुसला. पुण्याहून बदलून ते गेल्याच पावसाळ्यात इथं आले होते. त्या शुक्रवारी रस्ते मोकळे दिसले, म्हणून दुपारच्या जेवणाआधीच त्यांनी तीन जागांची तपासणी उरकली होती, आणि घरी येऊन बायकोला तसं कौतुकानं सांगितलंही होतं.

"तुम्हांला ठाऊक होतं?" त्यांनी गोविंदजींना विचारलं.

"मतलब, जयपुरात कुणाला ठाऊक नसतं, साहेब? त्या दिवशी आपली कचेरी पण अर्धी रिकामी होती. मला वाटलं, साहेबांनी विचार करूनच लिहिलं असेल."

बाईंना बाहेरच्या बाकावर बसवून गोविंदजी परत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"एक रस्ता आहे. 'परिस्थिती बदलली आहे, नवा अर्ज करावा,' असं लिहा. कुणाचीच चूक नाही. नाहीतर मराठी साहेब आणि मराठी बाई, गॅलरीत आत्ताच कुजबुज चाललीय. त्यात तुमचं बढतीचं प्रकरण वर गेलेलं."

"नव्या अर्जाला किती दिवस लागतील?"

"सहा महिने तरी."

"तोवर शेड?"

"बंद."

श्यामकांतांनी अर्जाला जोडलेला कागद उलटून पाहिला. खानावळीत जेवणाऱ्या चाळीस कामगारांची नावं होती. काहींपुढं सही, बाकीच्यांपुढं अंगठा. त्यांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग न थांबता लिहिलं.

'अर्जदार बाईंचे म्हणणे खरे आहे. येथील रीत माहीत करून न घेता तपासणीचा दिवस ठरवला, हा तपासणी अधिकाऱ्याचा, म्हणजे माझा, दोष आहे. पूर्वीचा नकार रद्द. खानावळीस परवानगी मंजूर.'

गोविंदजींनी ओळी दोनदा वाचल्या.

"'म्हणजे माझा' हे दोन शब्द नसते तरी चाललं असतं, साहेब."

"मग कुणाचा, ते कळलं नसतं."

अनुसयाबाईंना वाचता येत नव्हतं. गोविंदजींनी त्यांना शेवटचा शब्द तेवढा वाचून दाखवला. बाईंनी कागद कपाळाला लावला.

"मातेनं साहेबांचं मन फिरवलं बघा!"

"असेल," श्यामकांत म्हणाले. पुढच्या फाईलची गाठ त्यांना लवकर सुटत नव्हती.

दिवाळीआधी बढतीची यादी लागली. तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. वर्षभरात त्यांची बदलीही झाली.

खानावळ चालू राहिली. बाईंनी तो हुकूम काच लावून देवीच्या तसबिरीशेजारी टांगला. चौकट लहान पडली, म्हणून कागदाचा वरचा भाग दुमडून मागं घातला. जेवायला बसणाऱ्याला समोर दिसे ते 'मंजूर', आणि खालची सही. कामगार जेवून उठताना देवीला हात जोडत आणि निघून जात.

दुमडलेल्या भागात काय लिहिलं होतं, ते तुम्ही ऐकलंत. देवीला हात जोडाल तेव्हा श्यामकांत नावाच्या त्या माणसाचीही एकदा आठवण काढा, एवढंच मागणं.