नऊचा आकडा

"आधी दार लाव," वॉटी गेडिज म्हणाला.

कर्स्टी प्रिंगलनं दुकानाचं दार लावून घेतलं. गोल्फच्या काठ्या दुरुस्त करणं आणि माणसाच्या मापानं बसवून देणं हा तिचा धंदा. दुकान मैदानाच्या भिंतीला लागूनच, त्यामुळे आत कोण शिरलं हे गावाला चहाच्या आधी कळायचं. म्हणून वॉटी मागच्या गल्लीनं आला होता, सगळे जेवायला गेलेले बघून.

त्यानं आपल्या ड्रायव्हरनं, म्हणजे पहिल्या फटक्याच्या लांब काठीनं, दुकानातल्या जाळीत काही चेंडू मारले. कर्स्टी फटका मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्याकडे बघत होती.

"मिस्टर गेडिज, तुमचा ड्रायव्हर नऊ अंशांचा आहे. तोंड जवळजवळ उभंच. त्याला जोरात फिरणारे हात लागतात. तुमचा चेंडू आता वर चढतच नाही, अर्ध्यात मान टाकतो."

"समोरून वारा असतो ना."

"जाळीत कुठला वारा?"

वॉटीनं टोपी काढली आणि परत घातली.

"बारा अंशांचा घ्या. तोंड मागं कललेलं असलं की चेंडू आपोआप उचलला जातो. आणि दांडा दोन इंच आखूड. लांब दांड्यानं तुमचा फटका कधी काठीच्या टाचेवर बसतो, कधी टोकावर."

"बारा म्हणजे बायकांचा."

"मी बाई आहे आणि माझा दहाचा आहे," कर्स्टी म्हणाली. "तुम्हाला चेंडू मैदानातल्या ओढ्यापलीकडे न्यायचाय की आकडा मिरवायचाय?"

खरं सांगायचं तर त्याला दोन्ही हवं होतं.

त्या गावात एकमेकांचं उत्पन्न विचारायची रीत नव्हती, आजारपण विचारायची तर नव्हतीच. पण दुसऱ्याचा ड्रायव्हर पिशवीतून उपसून त्याच्या बुडावरचा आकडा वाचायला कुणाची परवानगी लागत नसे. आठ-नऊ असला म्हणजे गड्यात अजून दम आहे. दहाच्या पुढं गेला की लोक त्या माणसाशी जरा मऊ आवाजात बोलू लागत. वॉटीला त्या मऊ आवाजाची धास्ती होती. त्यानं उभा जन्म भिंतींना गिलावा करण्यात घातला होता, आणि गिलाव्यानं कमावलेल्या खांद्यांवर सबंध गावात तोरा मिरवला होता.

त्यानं बाराचा घेतला. घरी परसातल्या खोपटात बसून बुडावरचा कोरीव आकडा लांबी भरून बुजवला, घासला, काळा रंग दिला आणि बारीक कुंचल्यानं त्यावर पांढरा नऊ काढला. लोकांच्या भिंतींच्या भेगा तो घरमालकालाही सापडू नयेत अशा बुजवत आला होता. त्यापुढं हे काम किरकोळ होतं. दांडा आखूड होता, पण दांडा कुणी मोजत नसे.

सोमवारी पहिल्या फटक्याच्या जागी आर्ची मेलड्रम वाट बघत होता. आर्ची शाळेचा शिपाई म्हणून निवृत्त झालेला. दोघं तरुणपणापासून सोमवारी जोडीनं खेळत. वॉटीची लांबची नजर अधू होती. चेंडू हवेत गेला की त्याला दिसेनासा व्हायचा. तो "कुठं गेला?" विचारायचा आणि आर्ची सांगायचा. असं इतकी वर्षं चाललं होतं की वॉटी चष्मा न्यायचंच विसरून गेला होता.

वॉटीनं फटका मारला. आवाजच वेगळा आला.

"कुठं गेला?"

आर्चीनं डोळ्यांवर हात धरून लांबवर बघितलं. "ओढ्यापलीकडं," तो म्हणाला. "मधोमध. लेका, काय खाऊन आलास?"

"लापशी."

आर्चीनं त्याच्या हातातून ड्रायव्हर घेतला, उलटा केला आणि आकडा वाचला. "नऊच?"

बोलायची वेळ हीच होती. वॉटीला ती दिसलीसुद्धा. पण खेळाडूंना पाळीनं सोडणारा डंकन आपल्या टपरीच्या खिडकीत कोपर टेकून ऐकत होता.

"नऊच," वॉटी म्हणाला. "खांदे आहेत अजून."

आर्चीचाही नऊचाच होता. त्यानं दात-ओठ खाऊन फटका मारला. चेंडू जमिनीलगत पळाला आणि ओढ्यात गेला.

"आर्ची, त्याला पोहायला तरी शिकव," डंकन खिडकीतून म्हणाला. आर्ची हसला. वॉटीही हसला, आणि त्याचं हसणं जरा जास्तच मोठं झालं.

पुढच्या प्रत्येक सोमवारी हेच. आर्ची जास्त जोर लावायचा आणि चेंडू जास्तच खाली जायचा. एकदा ओढ्यातून चेंडू काढताना तो पाठमोराच म्हणाला, "दोष काठीत असता ना वॉटी, तर बदलून टाकली असती. पण तूही नऊचाच मारतोस. म्हणजे दोष माझ्यातच."

वॉटीनं घसा खाकरला. म्हणाला, "हवा दमट आहे आज."

ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्याला स्वतःचीच किळस आली. तरीही तो पुढं बोलला नाही. लाज एकदा गिळली की दुसऱ्यांदा गिळणं सोपं जातं, हे त्याला या वयात कळत होतं.

मे महिन्यात आर्ची यायचा थांबला. आधी गुडघा दुखतो म्हणाला, मग पाहुणे आलेत म्हणाला. वॉटीला विचारायला जाण्याचा धीर होईना. ऑगस्टमध्ये बेकरीच्या रांगेत आर्चीची बायको एल्स्पेथ भेटली.

"तू तरी समजाव रे त्याला," ती म्हणाली. "म्हणतो, वॉटी माझ्याच वयाचा, माझ्याच काठीनं मारतो आणि पार पलीकडं नेतो. मीच संपलोय. दिवसभर परसात असतो. बोलत नाही."

वॉटी मटणाच्या गरम करंज्या न घेताच रांगेतून बाहेर पडला.

त्याच दुपारी तो ड्रायव्हर घेऊन आर्चीच्या परसात गेला. आर्ची वालाच्या वाफ्यात पाणी घालत होता. वेल माणसाच्या कमरेपर्यंत चढले होते, आणि ते ज्यांच्यावर चढले होते त्या काठ्या लोखंडी होत्या. आर्चीनं आपल्या गोल्फच्या सगळ्या काठ्यांची डोकी करवतीनं कापून दांडे ओळीनं रोवले होते.

वॉटी खाली बसला. खिशातला चाकू काढला आणि ड्रायव्हरच्या बुडावरचा नऊ खरवडू लागला. रंग निघाला, मग लांबी निघाली. खालचा बारा उघडा पडल्यावर त्यानं ड्रायव्हर आर्चीच्या हातात दिला.

आर्चीनं आकडा वाचला. मग काठी आपल्या अंगाला लावून उंची बघितली.

"दांडाही आखूड आहे."

"दोन इंच. कर्स्टीनं मापून दिला."

"मी या हातात धरला होता आणि मला कळलंच नाही." त्यानं अंगठा त्या जागेवरून फिरवला. "काम झकास केलंस. सांधा कुठं दिसत नव्हता."

शिव्या दिल्या असत्या तर वॉटीला बरं वाटलं असतं. "आर्ची, मला लाज वाटते रे," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मीही बाराचा घेतला असता. दोघं म्हातारे म्हणून आपणच आपल्यावर हसलो असतो, आणि झालं." आर्चीनं झारी खाली ठेवली. "मी डॉक्टरकडं गेलो होतो, वॉटी. म्हटलं, माझ्यासारखाच माणूस हीच काठी मारतो, माझ्या हातांना काय झालंय बघा. त्यानं सगळं तपासलं. म्हणाला, काही झालेलं नाही, वय झालंय. मी त्याला तोंडावर खोटारडा म्हटलं आणि निघून आलो."

वॉटीला मान वर करवेना. "हा तू ठेव," तो कसाबसा म्हणाला. "सोमवारी ये."

"आता शेंगा धरल्यात," आर्ची वेलांकडं बघत म्हणाला. त्यानं ड्रायव्हर वॉटीच्या हातात परत दिला आणि झारी उचलली. आवाजात राग नव्हता. तो अगदी मऊ बोलत होता.

सोमवारी वॉटी एकटाच गेला. त्यानं ड्रायव्हर डंकनच्या खिडकीच्या फळीवर उलटा ठेवला. खरवडलेल्या जागी बारा स्पष्ट दिसत होता.

"बारा?" डंकननं विचारलं.

"पहिल्यापासून बाराच होता. आर्चीला ओढा पार होत नव्हता तेव्हाही. हे तू सगळ्यांना सांग."

डंकननं कोपर फळीवरून काढून घेतलं. 

वॉटीनं चेंडू मांडला आणि मारला. फटका काठीच्या अगदी मधोमध बसला, हे हातांना कळलं. चेंडू वर चढला आणि नेहमीच्या ठिकाणी त्याच्या नजरेतून निसटला.

"कुठं गेला?" त्यानं सवयीनं विचारलं, आणि मान वळवून बाजूच्या रिकाम्या गवताकडं बघत उभा राहिला.