हरवलेले ठोके

पुण्याच्या डॉक्टरांनी चिडूनच फोन केला. "वृषाली, मधला भाग पुन्हा गळालाय. हृदयाच्या अर्ध्या आलेखावर मी काय सांगू?"

पाथर्डीच्या दवाखान्यात तिचे वडील रंगनाथ छाती धरून पडले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तयार होतं. पण दुखणं हृदयाचं नसेल, तर त्यानेच रक्तस्राव होऊन माणूस जायचा. पुण्याने आलेख पाहिल्याशिवाय इथला नवखा डॉक्टर सुई टोचेना. आणि सत्त्याण्णव सालात फोनच्या तारेवरून आलेख तुकड्यातुकड्यांनी पाठवायची ही सोय बसवली होती वृषालीनेच. मोठी हुशार!

दर काही तुकड्यांमागे त्यांच्या बेरजेचा एक जादा तुकडा जायचा. एखादा हरवला, तर बेरजेतून बाकीचे वजा करायचे की तो परत हाती. कागदावर सगळं चोख. पण शेतीची लाइट आली की विहिरींवरच्या, वीज येताच आपोआप चालणाऱ्या पाण्याच्या मोटारी एकदमच सुरू व्हायच्या, तार खरखरायची आणि शेजारशेजारचे तुकडे एका झटक्यात जायचे. एकाच बेरजेतले दोन-तीन गेल्यावर बेरीज बिचारी काय करणार?

"काय तरी कर की गं," तिची आई लंकाबाई रडत म्हणाली. "ह्यांचं हात गार पडल्यात."

आईकडे बघताना वृषालीला ऊसतोडीला निघायचे दिवस आठवले. आई तिला एका ट्रकात बसवायची, धाकट्याला दुसऱ्यात. एक उलटला तरी एक लेकरू राहील म्हणून. आणि आपण मूर्खासारखे एका बेरजेतले सगळे तुकडे एकाच ट्रकात कोंबले!

तिने तुकडे पाठवायचा क्रम बदलला. एका बेरजेतले तुकडे लांबलांब पांगवले, नव्या क्रमाची खूण पुण्याच्या यंत्रासाठी जोडली आणि पाठवलं. तार खरखरली. तुकडे गेलेच, पण प्रत्येक बेरजेतला एकेकच.

फोन वाजला. "पूर्ण आलाय. हार्ट अटॅकच दिसतोय. पण ज्या ठोक्यांवरून म्हणतोय, ते तुझ्या हिशेबाने भरलेत. अंदाज असेल तर आत्ताच सांग."

"अंदाज नाही, सर. वजाबाकी आहे. ते त्यांचेच ठोके आहेत."

"मग द्यायची सुई?"

हा क्रम तिने आयुष्यात पहिल्यांदाच चालवला होता. कुठे चूक राहिली असेल, तर बाप तिच्याच हातून मरणार होता.

"द्या," ती म्हणाली, आणि बघवेना म्हणून वडिलांचे पाय घट्ट धरून बसली.