मंडळाची किटली आणि रेखाचं दार

मी एक जुनी किटली आहे, विजेवर चालणारी, पोटाला तोटी असलेली. मित्रांनो, माझं पोट एवढं मोठं की गणपतीत अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला चहा पुरायचा. कारखान्यानं मला घडवलं ते कॉफीसाठी, पण अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींनी मला आल्याची चटक लावली. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. एरवी मी मंडळाच्या सेक्रेटरीच्या, म्हणजे गिरीशच्या, गॅरेजमध्ये धूळ खात पडून असायचे.

गिरीश मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होता. त्याचं प्रेम पुरुषांवर जडतं, हे मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या नोकरीच्या गावात अशा पुरुषांचा एक गट होता आणि बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा दुसरा. दोघांचं फारसं पटत नसे. पण १९८४ साली गावच्या कौन्सिलपुढे एक कायदा आला. कोण कुणावर प्रेम करतं, यावरून कुणाची नोकरी जाऊ नये, एवढंच त्यात होतं. त्यासाठी दोन्ही गटांनी एकत्र यायचं ठरवलं.

पहिली सभा चर्चच्या तळघरात होती. गिरीश मला घेऊन गेला, आणि समोर पाहतो तो रेखा! ती नर्स होती आणि मंडळात भजनं म्हणायची. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. गिरीशला इतका आनंद झाला की मंडळातली सवय आपसूक तोंडातून निघाली.

"रेखा, बरं झालं तू आलीस! चहाचं जरा बघतेस का? आम्ही मीटिंग स्टार्ट करतो."

रेखा मला आत घेऊन गेली, इतर बायका मदतीला गेल्या. मला उकळायला वेळ लागतो, काय करू! चहा बाहेर आला तोवर कौन्सिलपुढे कोण बोलणार ते ठरून गेलं होतं. सगळे पुरुष.

"आम्हाला विचारलं का नाही?" रेखा म्हणाली.

"अगं, तुम्ही किचनमध्ये बिझी होतात."

"आणि तिथे पाठवलं कुणी, यार?"

बायका तडक निघाल्या. गिरीश जिन्यापर्यंत धावला, सगळ्यांसमोर माफी मागितली. मग नवा नियम झाला: चहा पुरुष करतील, आणि कौन्सिलपुढे एक बाई आणि एक पुरुष जोडीनं बोलतील. रेखा आणि गिरीश.

सुनावणीला मी मागच्या टेबलावर होते. रेखा आधी बोलली, स्वतःचं नाव सांगून, न अडखळता. मग गिरीशचं नाव पुकारलं. त्यानं वळून पाहिलं. मंडळाचे अध्यक्ष उल्हासकाका याच गावात राहायचे आणि आपल्या रस्त्याची तक्रार घेऊन आले होते, ते नेमके मागच्या रांगेत. गिरीश खाली मान घालून बसून राहिला. त्याच्या वाट्याचंही रेखाच बोलली.

कायदा झाला. गिरीशच्या नोकरीलाही त्याचाच आधार मिळाला. पण पुढच्या गणपतीच्या आधी, त्याच्याच घरी जमलेल्या कमिटीत उल्हासकाका म्हणाले, "त्या रेखाला यंदा बोलवायला नको. लोक बोलतात."

गिरीश माझ्याखाली कप धरून उभा होता. "ठीक आहे, काका," तो म्हणाला.

चहा सगळ्यांना आवडला. मित्रांनो, मला मात्र त्या दिवशी माझ्या चकाकण्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गिरीशनं चहा केला, मला गाडीत घातलं आणि रेखाचं दार वाजवलं. त्याचे डोळे सुजले होते.

"मीच केलाय," तो म्हणाला. "रेखा, आय ॲम सो सॉरी."

"हे मंडळात सांगितलंस?"

त्यानं माझं झाकण उगाच घट्ट केलं.

"मग घरी ने," ती म्हणाली आणि दार हळूच लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर माझ्यातला चहा गार झाला. मित्रांनो, मला घासलं नाही तरी चालेल, गॅरेजमध्ये टाकलं तरी चालेल. पण तुमच्यासाठी कुणी चारचौघांत बोललं, तर तुम्हीही त्याच चारचौघांत बोला. दाराशी चहा घेऊन जाणं पुरत नाही.