वस्तादांची जीभ

सोमवारपासून वस्ताद पुन्हा कामावर जाणार, म्हणून त्यांच्या बायकोने जपानी हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं. वस्ताद म्हणजे एका मोठ्या हॉटेलातले मुख्य आचारी. त्यांनी चाखून मान हलवल्याशिवाय तिथलं एक पातेलंही भटारखान्याबाहेर जात नसे. मग घशात गाठ निघाली, किरणांचे उपचार झाले. गाठ गेली आणि जाताना तोंडाची चवही घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आणि एका सकाळी डॉक्टरांकडून परत येताच वस्तादांनी सांगितलं की चहातली साखर लागतेय. पुढे आंबट कळू लागलं. मग एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "आज मीठ कमी पडलंय," तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन रडून आली होती.

ती घरीच शिवणकाम करायची. लोकांचे कपडे उसवून मापात बसवून द्यायची. आजारपणात नवऱ्याच्या पँटी तिने दोनदा कमरेत आत घेतल्या होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी घातलेली पँट तिने नुकतीच सैल केली होती. माणूस अंगाला लागेल असं जेवतोय, याहून मोठा पुरावा तिला नको होता.

जपानी जेवण ही वस्तादांची जुनी हौस. हे लोक चूल न पेटवता आचारी कसे म्हणवून घेतात ते एकदा बघायचंय, असं ते नेहमी म्हणायचे.

हॉटेल पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, दिवे मिणमिणते आणि टेबलं इतकी जवळ की शेजारच्यांच्या घरचं सगळं कळावं. एकामागून एक पदार्थ येणार होते आणि वाढणारी मुलगी प्रत्येकाची माहिती पाठ केल्यासारखी सांगत होती. पहिल्यांदा परातीएवढ्या ताटलीत भोपळ्याची एक फोड आली, तिच्यावर एक पान. दात कोरून पोट भरायचं दिसतंय, असं ती कुजबुजली आणि वस्ताद हसले. मग कच्चा मासा आला. तिला तो कडवट लागला. पण वस्ताद डोळे मिटून सावकाश चावत होते. ताजा आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला, तेव्हा तिला वाटलं, असंच असेल, आपल्याला काय कळतंय.

त्यानंतर झाकणाच्या वाटीत सूप आलं. तिने एक घोट घेतला आणि तो गिळवेना. नुसतं मीठ. जीभ भाजल्यासारखी झाली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. वस्तादांनी वाटी दोन्ही हातांनी उचलली होती आणि ते मजेत पीत होते. वाटी रिकामी करून त्यांनी ओठ पुसले.

"वा," ते म्हणाले. "हलका हात आहे हं."

तिने पुन्हा वाटी तोंडाला लावली. इतकी वर्षं याच जिभेवर विश्वास ठेवला होता. आपलीच चूक असणार. अर्धं सूप तिने डोळ्यांत पाणी येईतो प्यायलं.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर कुणीतरी आवाज चढवला आणि मुलगी धावत आली. कुणीच सूप पिऊ नका, आत दोघांनीही मीठ घातलं, नवीन करून आणते, असं ती गयावया करत सांगू लागली. वाट्या उचलताना तिला वस्तादांची वाटी कोरडी दिसली. ती गोंधळली आणि बाकीच्या वाट्या घेऊन निघून गेली.



"कधीपासून?" तिने विचारलं.

"चव परत आलीच नाही कधी," वस्ताद म्हणाले.

"आणि साखर? मीठ कमी आहे म्हणायचात ते?"

"तुझ्या तोंडाकडे बघून. पहिला घास घेतलास की तुझा चेहरा सगळं सांगतो. इथे या उजेडात तो दिसलाच नाही."

मग त्यांनी खालच्या आवाजात बाकीचं सांगितलं. त्या सकाळी डॉक्टरांकडे ते एकटेच गेले होते. आता परत यायची आशा धरू नका, असं तेव्हाच सांगून झालं होतं. घरी येईपर्यंत सांगायचं ठरवलं होतं. पण दारात ती उभी होती, काय म्हणाले डॉक्टर म्हणून विचारत, आणि त्यांच्या तोंडून साखरच निघाली. एक खोटं बोललं की त्याच्या पाठोपाठ दुसरं आपोआप येतं.

"आणि सोमवारी काय करणार होतात?"

"धाकटा आचारी आहे ना. त्याच्या तोंडाकडे बघेन."

तिला राग यायला हवा होता. आला नाही, एवढंच. त्यांच्या पँटी सैल करायची वेळ आली ती कशाच्या जोरावर, हे मात्र तिला आता कळलं. हा माणूस रोज दोन वेळा, चव नसलेला घास तिच्यासाठी चावून गिळत होता.

उठून जायचं सुचलं नाही. नवीन सूप आलं, कोमट पाण्यासारखं. भाजलेला मासा आला, कोरडा ठणठणीत. मुलगी प्रत्येक वेळी माहिती सांगत राहिली आणि दोघं माना डोलावत राहिली. वस्तादांनी विचारलं, कसा लागतोय, सांग ना. तिने प्रयत्न केला. पण चवीसाठी लागणारे शब्द घरात नेहमी त्यांच्याकडेच असायचे.

"बरा आहे," एवढंच ती म्हणू शकली.

"बरा म्हणजे?"



सोमवारी वस्ताद इस्त्रीचे कपडे घालून गेले आणि दुपारच्या आतच परत आले. धाकट्या आचाऱ्याने नेहमीसारखा चमचा पुढे केला होता, सगळा भटारखाना त्यांच्याकडे बघत होता आणि धाकट्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. तोही वस्तादांच्याच चेहऱ्याकडे बघत होता. खरं कळल्यावर मालकाने सामान आणायचं काम देऊ केलं. विचार करून सांगतो, म्हणाले. अजून सांगितलेलं नाही.

आता ते निमूट जेवतात आणि मीठ कमी की जास्त ते काही म्हणत नाहीत. तीही विचारत नाही. जेवताना ती मान खाली घालून बसते, आपला चेहरा त्यांना दिसू नये म्हणून.