ओठ मिटून

संघर्षचं लग्न झालं ते ब्याण्णव साल. लग्नाला चारच महिने झाले होते. रात्री साडेअकराला त्याच्या आईनं, वैजयंताबाईंनी, स्वयंपाकघरातला दिवा लावला, पदराचं टोक दातांत धरलं आणि राक्षस-राण्यांच्या कादंबरीचा तिसरा भाग उघडला. पहिल्याच ओळीला पदर तोंडातून सुटला.

"मां-त्रि-कानं... मांत्रिकानं तळघराचं दार..."

"आई!" बाहेरच्या खोलीतून संघर्ष ओरडला. "पहाटे चारला दुधाची गाडी भरायला कोण जाणार, तो मांत्रिक?"

नवी सून साक्षी अंथरुणातूनच म्हणाली, "आत्या, मनात वाचा ना. आमच्याकडे तिसरीतली पोरंसुद्धा मनात वाचतात."

बाईंनी दिवा घालवला. पन्नाशीनंतर साक्षरतेच्या वर्गात त्या अक्षरं शिकल्या होत्या. आवाज काढल्याशिवाय एका अक्षराला दुसरं जुळत नव्हतं. दिवसभर स्टीलच्या कारखान्यात ताटं पुसायची, म्हणजे वाचायला रात्रच उरायची. त्यात पुस्तक रविवारी परत द्यायचं. शेजारच्या विमलाबाई, निवृत्त शिक्षिका, भाईंदर पश्चिमेच्या वाचनालयातून ते मागवायच्या. "आधी तुम्ही वाचा, मग मी," असं त्यांचं ठरलेलं.

हा लेखकही त्यांनीच सुचवलेला. "राक्षस झकास लिहितो. राण्या मात्र सगळ्या एकसारख्याच रडतात." त्यावर बाईंनी कारखान्यातल्या शालूकडून ऐकलेला, उडत्या घोड्यांचा लेखक सांगितला होता.

"नको हो तो," विमलाबाई हसल्या होत्या. "त्याचा घोडा दोन-दोन भाग खाली उतरत नाही."

त्या आठवड्यात बाईंनी हट्टच धरला. ओठ घट्ट दाबले, बोट ओळीखाली ठेवलं. एकच ओळ पाच-पाच वेळा वाचावी लागे. डोकं ठणके. चिडून पुस्तक मिटत, पुन्हा उघडत. शनिवारी रात्री तिसरा भाग संपला. घरात कुणी कूस बदलली नाही.

रविवारी त्या पुस्तक घेऊन शेजारी गेल्या.

"घ्या. सगळं मनात वाचलं."

"म्हणजे रोज वाचत होता?" विमलाबाईंचा स्वर तुसडा होता. "मी आपली बारा-बारा वाजेपर्यंत जागी. म्हटलं, आजारी पडल्या की काय."

"तुम्ही कशाला जागायचं?"

विमलाबाईंनी पुस्तक घ्यायला हात पुढे केला. तो पुस्तकापासून वीतभर लांब, रिकाम्या जागी थांबला. तिथेच चाचपडला. बाईंनी पुस्तक सरकवून त्या हाताखाली धरलं नाही. तशाच बघत राहिल्या.

"माझा पलंग तुमच्या ओट्यामागच्या भिंतीला लागून आहे," विमलाबाई हात मागे घेत म्हणाल्या. "राणी तळघरातून सुटली का, ते मला सांगायचं नाही. आधीच सांगून ठेवते."

त्या रात्री वैजयंताबाईंनी ओट्यापाशी पाट सरकवला आणि तसाच परत आणलेला तिसरा भाग पहिल्या पानापासून काढला.

"आई, परत?"

"कानात बोळे घाल," बाई म्हणाल्या, आणि आवाज चढवला.

सहावा भाग निम्म्यावर आला होता तेव्हा, ब्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, विमलाबाई वारल्या.