चिंचेचा ओंडका आणि सुलेखाबाईंचा मासा

मित्रांनो, ज्याच्या पाठीवर दिवसभर सत्तूर पडतो, त्याला लोक लगेच 'बिचारा' म्हणून मोकळे होतात. मला ते मुळीच खपत नाही. मी चिंचेचा ओंडका आहे. रुंद, गोल, चांगला दणकट, आणि मासे कापण्यात माझा जन्म गेला. जर्सी सिटीतल्या एका फिलिपिनो मासळी बाजारात मी वर्षानुवर्षं उभा होतो. तिथं माझ्याइतका मान फक्त आमचा आचारी एर्नी याच्या कढईला होता, आणि तोसुद्धा माझ्यानंतर, कारण माझ्यावरून गेल्याशिवाय एकही मासा तिच्यात पडत नसे.

माझं मूळ गाव फिलिपिन्समध्ये. वादळात एक म्हातारं चिंचेचं झाड पडलं, तेव्हा आमच्या बाजारात मासे कापणाऱ्या लुर्देसच्या वडिलांनी त्याच्या बुंध्यातून मला कापून काढलं. मग मला मिठाच्या पाण्यात बुडवलं, सावलीत सुकवलं, पुन्हा पुन्हा तेल पाजलं. तेव्हा मला या सगळ्याचा फार कंटाळा यायचा. पण चिंचेचं लाकूड असं नीट पोसलं की सत्तुराचा घाव बसतो तरी कपचा उडत नाही, आणि मासा कापणाऱ्याला दुसरं काय हवं असतं? पुढं लुर्देस लग्न होऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा भांड्याकुंड्यांच्या खोक्यात घालून तिनं मलाही बोटीनं आणलं.

दोन हजार एक साली आमचा बाजार सुरू झाला. काय सांगू त्याची शोभा! या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फ, बर्फावर ओळीनं मासे, काचेच्या हौदांत जिवंत खेकडे आणि तुमच्याकडे टकामका बघणारे मोठे मासे. गिऱ्हाइकानं मासा निवडायचा, लुर्देसनं तो माझ्यावर ठेवून खवले काढायचे, पोट साफ करायचं, सांगाल तसा कापून द्यायचा. मग तोच मासा पलीकडे तिचा दीर एर्नी याच्या हाती जायचा. तळा म्हणालात तर तळून, रस्सा म्हणालात तर रस्सा. या रीतीला त्यांच्या भाषेत 'पालुतो' म्हणतात, म्हणजे आणलेलं शिजवून घ्यायचं. तिथंच लांब टेबलं मांडलेली होती. बसा आणि गरम गरम खा. दिवसभर दवाखान्यांत राबलेल्या नर्सबाया तिथं बसून दोन घास खायच्या आणि त्यांचे चेहरे उजळायचे. ते बघून मला आपल्या कामाचा फार अभिमान वाटे.

मला मराठी कशी येते, असं तुमच्या मनात आलंच असेल. अहो, आमच्या बाजारापासून चार पावलांवर पुण्या-मुंबईच्या कॉम्प्युटरवाल्यांनी भरलेल्या उंच इमारती. त्यातले मासेखाऊ सगळे आमच्याकडेच. ऐकून ऐकून दगडालाही आली असती, मी तर लाकूड आहे.

त्यांतलीच एक नीलांबरी. मूळची मालवणची. तिचा नवरा विनय सांगलीचा, शुद्ध शाकाहारी, पण बायकोवर फार जीव. घरी मासा तळायची सोय नव्हती. खिडक्या उघडत नाहीत, धुराची घंटा लगेच कोकलते. म्हणून दर शुक्रवारी दोघं आमच्याकडे येत. ती पापलेट खाई, तो भिंतीकडे तोंड करून शहाळ्याचं पाणी पीत बसे. "यार नीला, फिनिश कर ना लवकर, मला ते बघतायत," असं तो हौदातल्या माशांकडे बोट दाखवून म्हणायचा, आणि ती मुद्दाम माशाचं डोकं सावकाश चोखत बसायची. डोकं तर ती सगळ्यात आधी खाई. लुर्देसला ते फार आवडायचं, कारण तिच्या गावीही डोक्याचाच मान मोठा.

दोन हजार सहा साली नीलांबरीला दिवस गेले. सहाव्या महिन्यापर्यंत ती येत होती आणि मग एकाएकी यायची बंद झाली. शुक्रवार आला की लुर्देस दाराकडे बघायची. "कुठं गेली रे ती?" असं मलाच विचारायची.

एका मंगळवारी दुपारी दारातून एक बाई आत आल्या. सुती साडी, वर स्वेटर, पायांत बूट, आणि नाकाला पदर. बर्फापर्यंत आल्या आणि थबकल्या. इतके डोळे एकदम आपल्याकडे बघतायत हे त्यांना सोसेना, ते स्पष्ट दिसत होतं. पण परत काही फिरल्या नाहीत. एक लांब श्वास घेतला, घेतल्याचा लगेच पश्चात्तापही झाला, आणि त्या लुर्देसला म्हणाल्या, "मला एक पापलेट द्या. कोवळं द्या."

लुर्देसनं दोन-तीन पुढं केली. बाईंनी मन घट्ट केलं, बोट लांब केलं आणि पापलेटाच्या पोटात नख रोवलं. आपण दुधी भोपळा घेताना बघतो ना, अगदी तसं! लुर्देसचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला तर हसू आवरेना. जन्मभर भाजी निवडलेल्या हाताला दुसरं काय सुचणार? लुर्देसनं मग कल्ला उघडून लाल रंग दाखवला आणि ताजा मासा असा ओळखायचा हे सांगितलं. बाईंनी एक डोळा मिटून, एका डोळ्यानं तो बघून घेतला.

मासा माझ्यावर आला. "डोकं काढून टाका," बाई म्हणाल्या. "सुनेनं तसंच सांगितलंय."

"कोण सून?" सत्तूर उचलता उचलता लुर्देसनं विचारलं.

"नीलांबरी. मी तिची सासू, सुलेखा."

सत्तूर वरच राहिला. लुर्देसनं तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "कशी आहे ती?"

मग सुलेखाबाईंनी सगळं सांगितलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण, इंग्रजी अगदी चोख. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या सांगलीहून आल्या होत्या. डॉक्टरांनी नीलांबरीला पलंगावरून उठायचं नाही असं बजावलं होतं. बाळाचं वजन वाढत नव्हतं. वरण, भात, लापशी, काहीही केलं तरी तिच्या पोटात ठरत नव्हतं, फोडणीचा वास आला तरी उलटी. विनय कामासाठी आठवडाभर दूर हर्नडन गावी, तो शुक्रवारी रात्री यायचा. काय खावंसं वाटतं, असं सुलेखाबाई रोज विचारत आणि ती रोज "काही नाही" म्हणे. काल रात्री मात्र तिला रडू फुटलं आणि ती मासा म्हणाली.

"माझ्या स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही," सुलेखाबाई म्हणाल्या. "तिला ते ठाऊक आहे, म्हणून पोर इतके दिवस गप्प बसली. सकाळी मी देव उचलून हॉलमध्ये नेऊन ठेवले. तिकडून त्यांना नदी दिसते, त्यांची काही तक्रार नाही. पण एवढं करून हेही तिच्या पोटात राहिलं नाही, तर पुढं काय करायचं ते मला कळत नाही."

लुर्देसचे डोळे भरून आले. पण ती कामाची बाई, डोळ्याला लावायला तिच्याकडे पदरही नव्हता. ती सरळ म्हणाली, "मॅम, नीला डोकं सगळ्यात आधी खाते. तुम्हाला बघवणार नाही म्हणून तिनं काढायला सांगितलं असेल."

सुलेखाबाई माझ्यावरच्या त्या पापलेटाकडे वाकल्या. मग त्यांनी नाकावरचा पदर खाली घेतला.

"राहू दे डोकं," त्या म्हणाल्या. "माझं मी बघीन."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? माझ्यावर हजारो मासे कापले गेले, पण न कापलेल्या एका डोक्यानं मला इतका आनंद कधीच दिला नव्हता. लुर्देसनं फक्त हलक्या हातानं तिरक्या चिरा दिल्या. एर्नीनं मासा कुरकुरीत तळला आणि सोबत चिंचेच्या आंबट रश्श्याचा डबा दिला. सुलेखाबाई तो पुडा छातीशी धरून गेल्या. लुर्देस बराच वेळ माझ्यावर नुसतीच फडकं फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडतो न उघडतो तोच बाई हजर. लुर्देस हातातलं काम टाकून पुढं आली.

"रस्साही संपवला," सुलेखाबाई म्हणाल्या. "रात्रभर काही त्रास नाही. आज दोन द्या, आणि ते रश्श्याचं मला लिहून द्या."

त्यानंतर बाळंतपणापर्यंत त्या एक दिवसाआड येत राहिल्या. पुढं पुढं तर रांगेतल्या अनोळखी बायकांना त्या कल्ले बघायला शिकवू लागल्या. स्वतः मात्र शिंतोडाही अंगावर येऊ देत नसत. ठरलेल्या दिवसांत नीलांबरीला मुलगी झाली. वजन चांगलं भरलं. नाव ठेवलं इला. ही बातमी आली त्या दिवशी एर्नीनं अख्ख्या रांगेला कोळंबी फुकट तळून दिली.

माझे मात्र दिवस फिरले. नव्या वर्षात बाजारात मासे कापायला पांढरे प्लास्टिकचे पाट आले. धुवायला सोपे, म्हणे. असतील. मला मागच्या खोलीत बादल्यांपाशी नेऊन ठेवलं. तिथं मला कोणी तेल दिलं नाही. मी सुकलो, एका कडेला तडा गेला. आपलं काम गेलं की आपण कोण, हा प्रश्न मी तिथं रोज स्वतःला विचारत असे. मला राग यायचा आणि रडूही यायचं. शेवटी लुर्देसलाच राहवलं नाही. तिनं मला मीठ-लिंबानं घासलं, तेल पाजलं आणि जेवणाच्या टेबलांपाशी भाताच्या पातेल्याखाली ठेवलं. हुद्दा कमी झाला खरा, पण आजवर जे लांबून बघत होतो, ते खाणं आता अगदी जवळून दिसू लागलं.

तिथंच मी त्यांना बघितलं. नीलांबरी, कडेवर इला, आणि सुलेखाबाई. सुलेखाबाईंचं परतीचं तिकीट जवळ आलं होतं, म्हणून मुद्दाम भेटायला आल्या होत्या. लुर्देसनं आपल्या देशाचा लाडका मासा, बांगुस, त्यांच्यापुढं ठेवला. बांगुस चवीला गोड, पण काट्यांचा नुसता कारखाना. सुलेखाबाईंनी माझ्यावरच्या पातेल्यातला पांढरा भात घेतला, पर्समधून मेतकुटाची डबी काढली आणि कालवायला सुरुवात केली.

तेवढ्यात इला रडू लागली. नीलांबरीनं तिला दोन्ही हातांनी घेतलं, थोपटलं, झुलवलं. खाली ठेवली की पुन्हा सूर. समोरचा मासा निवत चालला होता. एका हातानं बांगुस खायची सोय नाही, त्यात काटे असे की माणूस घाबरूनच उपाशी राहील.

सुलेखाबाईंनी कालवलेला भात बाजूला सारला आणि मासा आपल्याकडे ओढला.

"आई, नको, तुम्ही हात लावू नका," नीलांबरी म्हणाली. "मी मॅनेज करते."

"काटे कुठं असतात ते सांग फक्त," सुलेखाबाई म्हणाल्या.

आणि जी बोटं त्या एका नखापलीकडे जन्मात माशाला शिवली नव्हती, ती बोटं त्या माशात शिरली. त्यांना जमत नव्हतं. एक काटा सापडायला केवढा वेळ लागे. मिळाला की तो उजेडात धरून बघत, ताटाच्या कडेला ठेवत, आणि घास पुन्हा चाचपून सुनेच्या तोंडात देत. नीलांबरी रडत रडत खात होती. लुर्देस प्लास्टिकच्या पाटापाशी सत्तूर धरून नुसती उभी होती. पूर्ण मासा संपेपर्यंत सुलेखाबाई उठल्या नाहीत. मग त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले आणि आपला गार झालेला भात खाल्ला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं जुनं लाकूड असेल, तर त्याला अधूनमधून तेल लावत जा, ते तडकत नाही. आणि जेवताना शेजारच्याचे दोन्ही हात गुंतलेले दिसले, तर आधी त्याच्या ताटातले काटे काढा. आपला भात थोडा गार झाला, तरी चालतो.